ख्रिस्ती संतांची नि विचारवंतांची चरित्रं वाचायची कशी? आधी त्यांचं स्वतःचं ऐका

बऱ्याच जणांचं असं होतं, कुठेतरी संत फ्रान्सिसचं एखादं वाक्य वाचनात येतं, आवडतं, मग वाटतं या माणसाबद्दल नीट वाचूया, आणि हातात येतं ते प्रत्येक संताला एक पान देणारं जाडजूड पुस्तक. जन्म अमुक साली, लहानपणापासून धार्मिक वृत्ती, मग त्याग, मग चमत्कार, मग मृत्यू, मग संतपद. अशी दहा पानं वाचली की सगळे संत एकाच माणसाचे फोटो असल्यासारखे दिसायला लागतात आणि पुस्तक बाजूला पडतं. माझं दोनदा पडलं. नंतर मी फक्त वाचायचा क्रम उलटा केला आणि तेव्हापासून हा विषय सुटलेलाच नाही, म्हणून तो क्रम इथे सविस्तर लिहितेय.

क्रम असा. आधी त्या माणसाने स्वतः लिहिलेलं, मग चारच पानं असली तरी तीच आधी. त्यानंतर ज्यांनी त्याला डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांनी लिहिलेलं. त्यानंतर आजच्या अभ्यासकाने कागदपत्रं तपासून लिहिलेलं चरित्र. आणि ते एकपानी सारांशवालं पुस्तक अगदी शेवटी, तेव्हा ते चक्क आवडतं कारण त्यात काय काय गळलंय ते आपल्याला दिसत असतं.

सुरुवातीला कोणाला घ्यायचं असं विचारलं तर मी ऑगस्टिनच सांगते. जन्म ३५४ सालचा, थगास्ते गावचा, म्हणजे आजचा अल्जीरिया. त्याचं 'कन्फेशन्स' सगळ्यांनी ऐकलेलं असतं पण अर्ध्यात सोडलेल्यांची संख्या खूप मोठी असणार, कारण कोणी सांगतच नाही की त्याचे तेरा भाग आहेत आणि आयुष्याची गोष्ट फक्त पहिल्या नऊ भागांत आहे. दहावा स्मृतीवर, अकरावा काळ म्हणजे काय यावर, शेवटचे दोन उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायावर. तेव्हा पहिल्या वाचनाला नऊ भाग वाचा आणि थांबा, काही बिघडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हे पुस्तक वाचकाला उद्देशून लिहिलेलंच नाहीये, सगळं देवाशी बोलणं आहे, तू असा, तू तसा, मी तेव्हा तुझ्यापासून किती लांब होतो, आपण फक्त शेजारी बसून ऐकतोय. ज्यांच्या कानावर अभंग पडलेले आहेत त्यांना हा सूर लगेच ओळखीचा वाटेल, थोडं मोठ्याने वाचून बघा.

दुसऱ्या भागात नासपत्यांची चोरी येते. सोळा वर्षांचा पोरगा, मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची फळं चोरतो, फळं चांगलीही नाहीत, भूकही नाही, बहुतेक सगळी डुकरांपुढे टाकतात. एवढ्याशा गोष्टीवर हा माणूस पानंच्या पानं का लिहितो असं वाटून तो भाग पळवत नेऊ नका, पळवला तर ऑगस्टिन कळत नाही, कारण त्याला छळणारा प्रश्न हाच आहे की काही फायदा नसताना माणूस वाईट का करतो. आणि सहाव्या भागात एक जागा आहे तिथे जरूर थांबा. ज्या बाईबरोबर तो तरुणपणापासून कितीतरी वर्षं राहिला, जी त्याच्या मुलाची आई, तिला लग्नाच्या सोयीसाठी आफ्रिकेत परत पाठवलं जातं आणि तो लिहितो की काळजाचा लचका तुटला, रक्ताची धार लागली. पण तिचं नाव तो अख्ख्या पुस्तकात कुठेच लिहीत नाही. मुलाचं नाव आहे, अदेओदातुस, आईचं नाही. का, यावर अभ्यासक भांडत बसलेत, पण वाचताना त्या न लिहिलेल्या नावाची जागा तुमच्या वहीत नोंदवा, चरित्र वाचायला शिकणं तिथून सुरू होतं.

बागेतला तो प्रसिद्ध प्रसंग, शेजारच्या घरातून लहान मुलाचा आवाज येतो 'घे, वाच', तो ३८६ सालचा मिलानमधला. पुढच्या वर्षी ईस्टरला मिलानचा बिशप अँब्रोस याच्या हातून बाप्तिस्मा, त्याच वर्षी आई मोनिका ओस्तिया बंदरात वारली. पण हे सगळं लिहिलं गेलं साधारण ३९७ ते ४०० च्या दरम्यान, म्हणजे दहा-बारा वर्षांनी, तेव्हा तो हिप्पोचा बिशप झालेला होता. तिशीतल्या माणसाची धडपड चाळिशीतला बिशप आठवतोय, हे डोक्यात ठेवून वाचलं की पुस्तकाला दोन थर दिसायला लागतात. यानंतर पोसिडियसने लिहिलेलं छोटं चरित्र घ्या, तो ऑगस्टिनचा सोबती, चाळीसेक वर्षांचा सहवास. त्यात ४३० सालचे शेवटचे दिवस आहेत, व्हँडल लोकांनी हिप्पोला वेढा घातलाय आणि आजारी ऑगस्टिनने पश्चात्तापाची स्तोत्रं लिहून पलंगाजवळच्या भिंतीवर लावून घेतलीत, ती वाचत पडून रडतोय. 'कन्फेशन्स' नंतर हे पान वाचताना जे होतं ते सारांशाच्या पुस्तकातून कधीच होणार नाही. आणखी एक, म्हातारपणी त्याने स्वतःची जुनी पुस्तकं एकेक काढून कुठे काय चुकलं ते लिहून ठेवलं, 'रिट्रॅक्टेशन्स' नावाने. ते सलग वाचायची गरज नाही पण असं कोणी केलं होतं हे माहीत असावं.

आता सवयीची गोष्ट. कोणताही संत वाचायला घेताना वहीच्या पहिल्या पानावर चार सालं लिहा, जन्म, मृत्यू, पहिलं चरित्र कधी लिहिलं गेलं आणि संतपद कधी मिळालं. या चार आकड्यांतली अंतरंच निम्मी गोष्ट सांगतात.

फ्रान्सिस असिसीकरांचं बघा. मृत्यू १२२६, संतपद १२२८, फक्त दोन वर्षांत. पहिलं चरित्र चेलानोच्या थॉमसने लिहिलं ते संतपदाच्या निमित्ताने, पोप नववे ग्रेगरी यांच्या सांगण्यावरून. वीसेक वर्षांनी त्याच थॉमसने दुसरं लिहिलं, सोबत्यांच्या आठवणी गोळा करून, ते बरंच वेगळं आहे. मग फ्रान्सिसच्या संघाचा प्रमुख बोनाव्हेंचर याने १२६० नंतर अधिकृत चरित्र लिहिलं, आणि १२६६ साली संघाने ठराव केला की आता हेच चरित्र ठेवायचं, आधीची नष्ट करायची. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. कारण समजून घेतलं पाहिजे, गरिबीचं व्रत किती कडक पाळायचं यावरून संघात जोरदार वाद होता आणि प्रत्येक बाजूला आपल्या मताचा फ्रान्सिस हवा होता. जुनी हस्तलिखितं काही मठांत टिकली म्हणून आज आपल्याला ती वाचता येतात. तेव्हा कुठलीही फ्रान्सिसची गोष्ट वाचली की विचारायचं, ही पहिल्या चेलानोत आहे का, दुसऱ्यात आहे, की बोनाव्हेंचरमध्ये? चांगल्या एडिशनमध्ये फूटनोटमध्ये दिलेलं असतं, नसेल तर ती एडिशन बाजूला ठेवा.

गुब्बियोच्या लांडग्याची गोष्ट, म्हणजे गावाला त्रास देणाऱ्या लांडग्याला फ्रान्सिस 'लांडगेदादा' म्हणून समजावतो आणि गावाशी समझोता करून देतो, ती येते 'फियोरेत्ती' या संग्रहातून, फ्रान्सिस गेल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी. म्हणून ती टाकून द्यायची का? मला नाही वाटत. ती फ्रान्सिस काय करत होता याचा पुरावा नाही, पण लोकांनी त्याला कसा जपला याचा नक्कीच आहे. मी अशा गोष्टींना समासात वेगळ्या रंगाची रेघ मारते, एवढंच.

पण त्याआधी फ्रान्सिसचं स्वतःचं वाचा, अर्ध्या तासाचं काम आहे. एक त्याचं मृत्युपत्र, १२२६ मधलं, मोजकी पानं. सुरुवातच महारोग्यांपासून होते, तेव्हा मला त्यांच्याकडे बघणंही कडू वाटायचं, देवानेच मला त्यांच्यात नेलं, आणि जे कडू होतं ते गोड झालं. चरित्रातला पक्ष्यांना उपदेश सगळ्यांना पाठ असतो पण फ्रान्सिस स्वतः आपल्या बदलाची सुरुवात इथून सांगतो, हा फरक केवढा मोठा आहे बघा. दुसरं सूर्यगीत, लॅटिनमध्ये नाही तर त्याच्या बोलीत, उंब्रियाच्या इटालियनमध्ये. सूर्यदादा, चंद्रताई, पाणीताई, अग्निदादा. ते केलं तेव्हा त्याचे डोळे इतके बिघडले होते की उजेड सहन होत नव्हता. सूर्याचं गाणं आणि उजेडाची वेदना हे दोन्ही एकत्र ठेवून वाचा.

पुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो फार कमी जण सांगतात. संताने स्वतः लिहिलेलं म्हणून जे आपण वाचतो ते मधे कोणाकोणाच्या हातातून गेलंय ते बघा. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातली थेरेज, १८९७ साली चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. बरोबर एक वर्षाने तिचं 'एका आत्म्याची कथा' छापलं आणि ते जगभर पोचलं. पण ते तिची थोरली बहीण पोलिन, जी त्याच मठात होती, तिने भरपूर सुधारून छापलं होतं. मुळात तीन वेगळी लिखाणं, एक पोलिनसाठी, एक दुसऱ्या बहिणीला लिहिलेलं, एक मठाच्या प्रमुख मदरसाठी, पण छापताना सगळं त्या मदरला उद्देशून केलं. मूळ वह्या जशाच्या तशा बाहेर आल्या १९५६ साली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षं लोक बहिणीच्या हातची थेरेज वाचत होते. तेव्हा थेरेज घ्यायची तर मूळ हस्तलिखितांवरून केलेलंच भाषांतर घ्या, प्रस्तावनेत हे लिहिलेलं असतं. शेवटची पानं तिने पेन्सिलीने लिहिलीत कारण हातात तेवढं बळ नव्हतं, आणि त्याच काळात स्वर्ग आहे की नाही याबद्दल आत किती अंधार दाटला होता तेही ती लिहिते. गुलाबाच्या पाकळ्यांच्या चित्रातली थेरेज ही नव्हे, मला ही जास्त जवळची.

आविलाच्या तेरेसाचं वेगळं. तिने आत्मचरित्र लिहिलं ते तिच्या कन्फेसर धर्मगुरूंच्या आज्ञेवरून, १५६० च्या दशकात, स्पेनमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारं धर्मन्यायालय, जोरात असताना. एका बाईने ध्यानप्रार्थनेवर लिहायचं म्हणजे आगीशी खेळ. म्हणून सारखं 'मी अडाणी बाई', 'मला काय कळतंय', 'चुकलं तर फाडून टाका' असं येतं, ते नम्रतेचं आहेच पण ते वाचताना समोर परीक्षक बसलाय हे विसरू नका. पुस्तक पुढे इन्क्विझिशनने ताब्यात घेतलंच, आणि छापून आलं ते ती गेल्यावर, १५८८ मध्ये. तिचे आजोबा ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेले होते हे विसाव्या शतकात जुनी कोर्टाची कागदपत्रं सापडल्यावर कळलं, त्यामुळे त्याआधीची चरित्रं वाचलीत तर तिथे खानदानी जुन्या ख्रिस्ती घराण्याचं वर्णन मिळेल. म्हणून म्हणते चरित्र कोणत्या साली लिहिलंय ते बघा.

तेरेसाचं आत्मचरित्र वाचायची एक युक्ती. पहिली दहा प्रकरणं आयुष्याची, मग अकरा ते बावीस प्रार्थनेवरचं विवेचन, मग तेविसाव्यापासून परत आयुष्य सुरू. पहिल्यांदा वाचताना अकराव्याला लोक अडकतात, तर सरळ तेविसाव्यावर उडी मारा, सगळं संपवा, मग मागे या. कारण ते विवेचन सुंदर आहे, प्रार्थना म्हणजे बागेला पाणी घालणं, त्याचे चार प्रकार, आधी विहिरीतून पाणी शेंदून घालायचं, मग रहाट, मग वाहता ओढा, आणि शेवटी पाऊस, जिथे माळ्याला काही करावंच लागत नाही. ज्याने कधी शेंदून पाणी भरलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही, हात दुखणं पण त्यात आलं.

विचारवंत वाचायचे तर हाच प्रश्न जरा वेगळ्या रूपात येतो. फ्रेंच गणितज्ञ पास्कलचे 'विचार' हे पुस्तक त्याने पुस्तक म्हणून लिहिलंच नाही, १६६२ मध्ये तो एकोणचाळिसाव्या वर्षी गेला तेव्हा मागे कागदांच्या चिठ्ठ्या नि गठ्ठे राहिले, लोकांनी ते लावून १६७० मध्ये छापले, आणि नंतर प्रत्येक संपादकाने वेगळ्या क्रमाने लावले. म्हणून 'हृदयाची स्वतःची कारणं असतात' हा तुकडा एका एडिशनमध्ये ४२३ नंबरला तर दुसऱ्यात २७७ ला. पहिला नंबर लाफ्यूमाचा, दुसरा ब्रुन्शविगचा. नोट्स काढताना नंबराबरोबर संपादकाचं नाव लिहा नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हालाच सापडणार नाही. पास्कलची सुरुवात मात्र तिथून करू नका, २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्रीच्या कागदापासून करा. रात्री साधारण साडेदहापासून साडेबारापर्यंत, मग एकच शब्द, अग्नी, आणि पुढे अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा देव, तत्त्वज्ञांचा नि पंडितांचा नव्हे. हा कागद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला होता आणि तो गेल्यावर नोकराला सापडला. कोणाला बोलला नव्हता. गणित, हिशोबाचं यंत्र, हवेच्या दाबाचे प्रयोग करणारा हा माणूस कोट बदलला की तो कागदही नव्या कोटात शिवत असणार, हे डोळ्यापुढे आणा आणि मग 'विचार' उघडा.

डेन्मार्कचा तत्त्वज्ञ कीर्केगार, त्याचं तर त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. त्याची कितीतरी पुस्तकं टोपणनावांनी आहेत, १८४३ चं 'भय आणि कंप' हे योहानेस दे सिलेंतिओ या नावाने, आणि त्याची विनंती अशी की त्यातलं वाक्य वापरायचं तर त्या टोपणनावाच्या नावाने वापरा, माझ्या नाही. कारण ते लेखक त्याची पात्रं आहेत, प्रत्येकाचं मत त्याचं स्वतःचं असेलच असं नाही. साधी गोष्ट आहे पण पाळणारे कमी.

मध्ययुगातला धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस, त्याला घाबरायचं कारण नाही, फक्त त्याच्या 'सुम्मा थिओलॉजिए' या मोठ्या ग्रंथातल्या लेखाचा साचा माहीत हवा. आधी प्रश्न, मग विरुद्ध बाजूचे आक्षेप, मग 'पण याउलट' म्हणून एखादं वचन, मग 'माझं उत्तर असं', मग एकेका आक्षेपाला उत्तर. नवे वाचक पहिला आक्षेप वाचून तेच थॉमसचं मत समजतात आणि गोंधळतात. काही जण सांगतात की थेट उत्तरावर जा, मला ते पटत नाही, आक्षेप वाचाच, कारण समोरच्याचं म्हणणं तो इतक्या नीटपणे मांडतो की आपल्यालाही ते क्षणभर पटतं. ६ डिसेंबर १२७३ ला त्याने लिहिणं थांबवलं, मला जे दिसलं त्यापुढे हे सगळं गवतकाडी आहे असं म्हणाला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती आपल्यापर्यंत आलीय संतपदाच्या चौकशीतल्या साक्षीतून, १३१९ साली, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी आणि ऐकीव. ग्रंथ अपुरा राहिला आणि तीनच महिन्यांनी तो गेला, ही बाजू मात्र पक्की.

बोनहोफर, हिटलरला विरोध करणारा जर्मन पाळक, वाचताना पत्रांची तारीख बघत चला. एप्रिल १९४३ मध्ये अटक, बर्लिनच्या टेगल तुरुंगात दीड वर्ष, ९ एप्रिल १९४५ ला फ्लॉसेनबुर्गला फाशी. आईवडिलांना लिहिलेली पत्रं सेन्सॉरच्या डोळ्याखालून जायची, म्हणून त्यात पुस्तकं, हवामान, मी मजेत आहे. मित्र एबरहार्ड बेथगेला लिहिलेली पत्रं ओळखीच्या पहारेकऱ्यामार्फत चोरून बाहेर जायची, त्यात खरं आतलं. एकाच आठवड्यातली दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचा, अंगावर काटा येतो. २१ जुलै १९४४ चं पत्र तर हिटलरला मारायचा कट फसल्याच्या दुसऱ्या दिवशीचं, म्हणजे आता आपला जीव वाचत नाही हे त्याला जवळपास कळलेलं. तारीख न बघता वाचलं तर नुसतं धार्मिक चिंतन वाटेल.

आता कोट्सबद्दल, कारण इथे बरीच गडबड होते. सुंदर फोटोवर सुंदर वाक्य आणि खाली संताचं नाव, फॉरवर्ड. 'हे प्रभो, मला तुझ्या शांतीचं साधन बनव' ही प्रार्थना फ्रान्सिसची नाही, ती पहिल्यांदा छापलेली सापडते १९१२ साली एका छोट्या फ्रेंच मासिकात, लेखकाच्या नावाशिवाय. 'सुवार्ता सांगत राहा, गरज पडली तरच शब्द वापरा' हेही त्याच्या लिखाणात नाही. 'ख्रिस्ताला आता तुमच्याशिवाय शरीर नाही, तुमचे हात हेच त्याचे हात' हे तेरेसाच्या कुठल्याच पुस्तकात नाही. मी स्वतः यातली एक ओळ एका आजारी नातेवाइकाला फ्रान्सिसची म्हणून लिहून दिली होती आणि नंतर कळल्यावर फार वाईट वाटलं, प्रार्थना वाईट होती म्हणून नव्हे, तर ज्याला मी इतका मानते त्याच्या तोंडी मी न तपासता शब्द घातले म्हणून. चाचणी सोपी आहे, वाक्याखाली ग्रंथाचं नाव आणि प्रकरण आहे का ते बघा, नसेल तर त्या लेखकाच्या समग्र लिखाणात शोधा, तिथेही नसेल तर वाक्य आवडलं तरी नाव काढून टाका.

चमत्कारांचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. श्रद्धा असो नसो, आधी लिहिणारा कोण, किती वर्षांनी लिहितोय आणि त्याला ती गोष्ट कोणी सांगितली एवढं विचारा. ही चिकित्सा चर्चच्या बाहेरच्यांनीच केली असं समजू नका. बोलंदिस्त म्हणून ओळखले जाणारे जेज्वीट (येशूसंघाचे धर्मगुरू) अभ्यासक १६४३ पासून संतांच्या चरित्रांचे खंडच्या खंड काढत आले, जुनी हस्तलिखितं ताडून, आणि त्यासाठी त्यांना शिव्याही खाव्या लागल्या. १९६९ मध्ये रोमच्या पंचांगातून संत क्रिस्तोफरचा सण सगळ्यांसाठी पाळायच्या यादीतून काढला, कारण ऐतिहासिक माहिती फारच थोडी, पण त्याचं संतपद रद्द केलं असं जे पसरलंय ते खरं नाही. आणि माझी सगळ्यात लाडकी गोष्ट, मध्ययुगीन युरोपात संत बार्लाम आणि योसाफत यांची कथा घरोघर माहीत होती, राजपुत्र, बापाने महालात ठेवलेला, बाहेर पडतो तर रोगी, म्हातारा, मरण दिसतं आणि सगळं सोडतो. ओळखलंत ना? बुद्धाचीच गोष्ट, बोधिसत्त्व हे नाव मध्य आशिया, अरबी, जॉर्जियन, ग्रीक असं फिरत फिरत योसाफत झालं. शतकानुशतकं लोकांनी नकळत त्याला संत म्हणून मान दिला. मला यात फसवणूक दिसत नाही, चांगलं आयुष्य ऐकलं की माणसं ते जवळ करतात एवढंच दिसतं.

तारखांचं एक पटकन सांगते. संताचा सण बहुतेक वेळा जन्मदिवसाला नसतो, मृत्यूच्या दिवशी किंवा आसपास असतो, म्हणजे जयंती नाही, पुण्यतिथी, पण त्याला ते स्वर्गातला जन्मदिवस म्हणतात. ऑगस्टिन २८ ऑगस्ट, आदल्या दिवशी २७ ला आई मोनिका. तेरेसा १५८२ च्या ४ ऑक्टोबरच्या रात्री गेली आणि सण १५ ऑक्टोबरला, ही छपाईची चूक नाही, त्याच रात्री स्पेनमध्ये नवीन कॅलेंडर लागू झालं आणि ४ नंतरचा दिवस थेट १५ आला. आणि सगळेच मोठे ख्रिस्ती लोक अशा अधिकृत संतपदाने मोजू नका, पास्कल, कीर्केगार, बोनहोफर यांना रोमचं संतपद नाही, पण बोनहोफरचा पुतळा लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीच्या दर्शनी भिंतीवर विसाव्या शतकातल्या दहा रक्तसाक्षींमध्ये आहे.

पुढे कोणाला वाचायचं ते यादी बघून ठरवू नका, तुम्ही जो वाचताय त्याने कोणाला वाचलं होतं ते बघा. ऑगस्टिन बागेत कोसळला त्याआधी एका पाहुण्याकडून त्याने वाळवंटातल्या अँथनीची गोष्ट ऐकली होती, ती अथानासियसने लिहिलेली. हजारापेक्षा जास्त वर्षांनी तेरेसाच्या हातात 'कन्फेशन्स' पडलं आणि ती लिहिते की बागेतल्या आवाजापर्यंत आले तेव्हा तो मलाच ऐकू आल्यासारखं झालं. १९२१ च्या उन्हाळ्यात ईडिथ श्टाइन, ज्यू घरातली, तत्त्वज्ञ हुसर्लची विद्यार्थिनी, मैत्रिणीच्या घरी तेरेसाचं आत्मचरित्र उघडते, रात्रभर वाचते असं सांगतात, १ जानेवारी १९२२ ला बाप्तिस्मा, पुढे तेरेसाच्याच कार्मेल संघात, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये आउश्वित्झ. अँथनी, ऑगस्टिन, तेरेसा, ईडिथ, या चौघांना याच क्रमाने एका वर्षात वाचा. मी तसं केलं आणि चार पुस्तकं वाचतेय असं वाटलंच नाही. जेज्वीट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला, त्याचंही असंच, १५२१ मध्ये पॅम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, पडून होता, त्याला शौर्यकथा हव्या होत्या, घरात नेमकी ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं एवढीच पुस्तकं मिळाली, आणि त्यांनीच त्याचं आयुष्य बदललं.

भाषांतराची भीती वाटत असेल तर मराठीतच मूळ लिहिलेलं आहे हे विसरू नका. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये पहिल्यांदा छापलं, मराठी ओव्यांमध्ये, लिहिणारा इंग्लंडमध्ये जन्मलेला जेज्वीट. आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरात काय झालं ते बायकोच्या नजरेतून. कवीचं चरित्र कसं लिहावं तर असं, त्याच्यावरचा राग न लपवता आणि प्रेमही न लपवता. टिळकांचे अभंग आधी वाचा, मग हे, मग परत अभंग.

वही ठेवाच, पण भाराभर नोट्स नकोत. प्रत्येकाच्या चार सालांखाली तीनच नोंदी, त्याने स्वतः कोणती गोष्ट परत परत सांगितली, चरित्रकाराने कोणती सांगितली जी त्याने सांगितली नव्हती, आणि दोघांनी कशाबद्दल मौन पाळलं. एका माणसाला दोन-तीन महिने द्या.

आणि आज रात्रीच सुरू करायचं असेल तर पर्पेतुआ घ्या. कार्थेज, साल २०३, बावीस-एक वर्षांची, अंगावर पिणारं बाळ, ख्रिस्ती म्हणून कैदेत, लोकांसमोरच्या खेळात श्वापदांपुढे टाकायची शिक्षा. तिने तुरुंगात लिहिलेली डायरी तासाभरात वाचून होते, बाईच्या हातचं इतकं जुनं ख्रिस्ती लिखाण जवळपास नाहीच. म्हातारा बाप येऊन पाया पडतो, बाळाला दूध कसं पाजायचं याची काळजी, बाळ जवळ दिल्यावर तुरुंग एकदम राजवाडा झाला असं ती लिहिते, मग स्वप्नं, शिडीचं, तहानलेल्या लहान भावाचं. तिच्या डायरीच्या आधी आणि नंतर दुसऱ्याच कोणाचं तरी लिखाण जोडलेलं आहे, मधे तिचा सोबती साटुरुसचंही एक स्वप्न आहे, तेव्हा कुठे कोणाचा हात ते पेन्सिलीने खूण करत चला. तिचा भाग संपतो ती ओळ लगेच सापडेल. खेळाच्या आदल्या दिवसापर्यंतचं मी लिहिलं, ती म्हणते, प्रत्यक्ष खेळात काय होईल ते ज्याला लिहायचं असेल त्याने लिहावं.